शिवणयंत्रावर जन्मलेलं माप

घरी लेथ बसवलेल्या माणसाकडे गेलात, तर तो आधी लेथ दाखवतो. मग ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर, जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला व्हाइस. कपाटातली लाकडी पेटी निघते सगळ्यांत शेवटी, आणि तीही ‘हात पुसून घ्या हं’ असं बजावून. आत खाचांमध्ये ओळीने उभे केलेले चकचकीत पोलादी तुकडे. बहुतेक तुकडे ३० मिलिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर रुंद. जाडी मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि ती त्याच्या अंगावर कोरलेली.

मालक दोन तुकडे उचलतो, मऊ कापडाने पुसतो, एकावर एक आडवे टेकवतो आणि किंचित दाबत सरकवून सरळ करतो. मग फक्त वरचा तुकडा धरून उचलतो. खालचाही त्याच्यासोबत वर येतो. चुंबक नाही, डिंक नाही. आयटीआयच्या वर्गात याला ‘रिंगिंग’ म्हणतात आणि तुकड्यांना स्लिप गेज. अमेरिकेतले जुने टर्नर त्यांना ‘जो ब्लॉक’ म्हणत. त्यातला ‘जो’ म्हणजे कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडिश माणूस. आज जगभरचे कारखाने ज्या मापावर विसंबून आहेत, ते त्याने आपल्या घरी, बायकोच्या शिवणयंत्रावर घासून तयार केलं.

योहान्सन १८६४ सालचा. तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत मिनेसोटाला राहिला, मग मायदेशी परतून एस्किल्स्टुना या गावी सरकारी बंदूक कारखान्यात लागला. पुढे तिथलाच तपासनीस झाला. एस्किल्स्टुना हे चाकू, कात्र्या आणि कुलपांचं गाव. लोखंडाशी झटणं तिथे पिढीजात.

बंदूक कारखान्यातल्या तपासनिसाची डोकेदुखी एकच होती. एका बंदुकीचा घोडा दुसरीत बिनबोभाट बसला पाहिजे, तर प्रत्येक भाग ठरल्या मापाचा हवा. ते तपासायला त्या मापाचा गेज हवा. आणि त्या काळी एक गेज म्हणजे एकच माप. १२.३४ चा गेज १२.३५ साठी निरुपयोगी. बंदुकीचं मॉडेल बदललं की गेजची अख्खी फौज नव्याने उभी करायची.

स्वीडनने जर्मन माउझर बंदूक घ्यायचं ठरवलं, तेव्हा १८९४ साली योहान्सन स्वीडिश मंडळींबरोबर ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात गेला. तिथेही तोच प्रकार: कामं उत्तम, पण मापाच्या ठोकळ्यांचे ढीग, आणि प्रत्येक ठोकळा एकाच मापाचा धनी. परतीच्या आगगाडीत बसून त्याने कागदावर आकडेमोड सुरू केली, अशी कथा सांगितली जाते.

त्या आकडेमोडीचं बीज आपल्या वाण्याच्या तराजूत सापडेल. वाण्याकडे साडेसातशे ग्रॅमचं वेगळं वजन नसतं. पाचशे, दोनशे आणि पन्नास एकत्र ठेवले की काम झालं. थोड्या वजनांतून हवं ते वजन. योहान्सनने हाच न्याय लांबीला लावला. त्याच्या संचात तीन रांगा होत्या. पहिलीत १.०१ पासून १.४९ मिलिमीटरपर्यंत, शतांशाच्या पायरीने ४९ तुकडे. दुसरीत ०.५ पासून २४.५ पर्यंत, अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीने आणखी ४९. तिसरीत फक्त चार: २५, ५०, ७५ आणि १००. एकूण १०२ तुकडे, आणि त्यांच्या बेरजांतून १ ते २०१ मिलिमीटरमधलं प्रत्येक माप, शतांश शतांशाने, म्हणजे सुमारे वीस हजार मापं. १८९६ पर्यंत ही योजना पक्की झाली होती.

पहिली रांग ०.०१ पासून न धरता १.०१ पासून का धरली, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. ०.०१ मिलिमीटरचा पोलादी तुकडा म्हणजे केसाहून बारीक पापुद्रा; तो हातात धरताच वाकेल. म्हणून प्रत्येकाच्या पोटात एक मिलिमीटर पोलाद भरलं आणि शतांश त्याच्या पाठीवर बसवला. आजही कुठल्याही संचात ही युक्ती तशीच दिसते.

मग वाण्याला जे जमत होतं, ते लोहारांना शतकानुशतकं का सुचलं नाही? कारण वजनं आपोआप बेरीज होतात, लांबी होत नाही. दोन ठोकळे एकमेकांवर ठेवले की मध्ये हवा राहते, धूळ राहते, उंचवटे राहतात. दोन आणि तीन मिळून पाच होत नाहीत, पाचाहून थोडं जास्त होतं. त्यातून चार तुकडे जोडले तर चौघांच्या चुकाही जोडल्या जातात. म्हणजे गणित सोपं होतं, अडलं होतं ते घासकामापाशी. प्रत्येक तुकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका बिनचूक आणि दोन्ही बाजूंनी आरशासारखा सपाट हवा.

सपाटपणाची वाट आधीच कुणीतरी मळून ठेवली होती. इंग्रज यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली ग्लासगोत एका विज्ञान परिषदेपुढे ती सांगितली होती. दोन पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर फसगत होते, कारण एक खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरी त्या बेमालूम जुळतात. तिसरी पाटी आणली की बिंग फुटतं. खोलगट पाटी फुगीर पाटीशी जुळेल, पण तिसरीला एकाच वेळी दोघींशी जुळायचं असेल तर तिघींनाही सपाट व्हावंच लागतं. मास्टर पाटी न वापरता सपाट पाटी घडवायची ही रीत.

योहान्सनने तुकडे कच्चे कापून आणि पाणी देऊन घेतले कारखान्यात. शेवटचं घासकाम मात्र घरी. पत्नी मार्गारेटाचं शिवणयंत्र त्याने फेरफार करून घासयंत्र बनवलं आणि त्यावर एकेक तुकडा मापाला आणला. आज हे वाचताना गंमत वाटते, पण पायाने चालवायचं शिवणयंत्र या कामाला वाईट नाही: वेग पायाच्या ताब्यात, दोन्ही हात मोकळे, आणि चाल इतकी सौम्य की तुकडा फार तापत नाही. शेवटच्या हजाराव्या भागाला जोर लागतच नाही. लागतो तो वेळ. थोडं घासा, निवू द्या, मोजा, पुन्हा थोडं घासा. पाणी दिलेलं पोलाद महिनोन्‌महिने आतल्या आत हलत राहतं, त्यामुळे आज बरोबर असलेला तुकडा वर्षाने चुकीचा निघू शकतो. तोही धडा गिरवावा लागला.

स्वीडनचं पेटंट १९०४ साली हाती आलं आणि १९११ मध्ये एस्किल्स्टुनात त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली. घासण्याची नेमकी रीत मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला असे संच तातडीने हवे होते. तेव्हा तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत विल्यम होक याने यंत्रावर लॅपिंग करून ठोकळे बनवण्याची वेगळी पद्धत बसवली. त्याच्या ठोकळ्यांना मध्ये आरपार भोक असतं. योहान्सन स्वतः १९२३ साली हेन्री फोर्डकडे डिअरबॉर्नला गेला आणि १९३६ मध्ये निवृत्त झाला. १९४३ साली तो वारला.

जाता जाता त्याने इंचाचाही निकाल लावला. तेव्हा इंग्रजांचा इंच २५.४ मिलिमीटरहून केसभर कमी होता आणि अमेरिकेचा केसभर जास्त. दोघांना ठोकळे विकायचे, तर संच किती प्रकारचे करायचे? त्याने मधला सोपा आकडा धरला: २० अंश सेल्सिअसला बरोबर २५.४. ठोकळे कारखान्याकारखान्यांत पोहोचले आणि त्यांच्यासोबत हा इंचही. इंग्लंडच्या मानक संस्थेने तो उद्योगासाठी १९३० मध्ये स्वीकारला, अमेरिकेच्या संस्थेने १९३३ मध्ये, आणि १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी करार करून तोच पक्का केला. आपल्याकडचे जुने मिस्त्री ‘दोन सूत काढ’ म्हणतात, तेव्हा त्यातलं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तोही आज योहान्सनच्याच इंचाचा आठवा भाग.

ही कुळकथा घरच्या वर्कशॉपवाल्याने कशासाठी लक्षात ठेवायची? कारण आपण पैसे उलट्या क्रमाने घालतो. आधी मोठा लेथ, मग मिलिंग, मग डिजिटल रीडआउट, आणि मोजायला मात्र पडून ठेच लागलेला व्हर्नियर. योहान्सनकडे घरी शिवणयंत्रच होतं. मोजण्याची शिस्त मात्र होती. घरच्या कामाला दोन नंबर ग्रेडचा साधा संच पुरतो, अगदी वापरलेला आणि एखाददुसरा तुकडा हरवलेला मिळाला तरी.

त्याचा पहिला उपयोग मायक्रोमीटरची परीक्षा घेणं. शून्य जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असं समजू नये. स्क्रू मध्ये कुठेतरी झिजलेला असू शकतो. ०-२५ च्या मायक्रोमीटरसाठी २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८ आणि २५ ही मापं लावून पाहण्याचा प्रघात आहे. आकडे असे तिरपागडे अशासाठी, की प्रत्येक वेळी थिंबल वेगळ्या कोनात थांबावा आणि फेऱ्यातली खोटही पकडली जावी.

दुसरा उपयोग कोनाचा. टॉप स्लाइडवरच्या अंशांच्या रेघा टेपर कापायला पुरेशा नसतात. १०० मिलिमीटरच्या साइन बारच्या एका टोकाखाली ८.७१६ मिलिमीटर उंची दिली की बरोबर पाच अंशांचा कोन मिळतो. ८७ तुकड्यांच्या संचातून ती उंची रचताना शेवटच्या आकड्यापासून मागे यायचं. १.००६ घेतला, उरले ७.७१. मग १.२१ घेतला, उरले साडेसहा, आणि ६.५ चा तुकडा पेटीत आहेच. तीन तुकड्यांत काम झालं. तुकडे जितके कमी, तितकी चूक कमी.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. स्लिप गेजवर कोरलेलं माप २० अंशांचं असतं, आणि मे महिन्यात आपल्या शेडमध्ये ३२ सहज असतात. पोलादाचा जॉब पोलादाच्या गेजशी ताडून पाहत असाल तर काळजी नको, दोघं बरोबरीने वाढतात. ॲल्युमिनियम मात्र जवळपास दुप्पट वाढतं. १०० मिलिमीटरच्या जॉबमध्ये त्या बारा अंशांनी सुमारे १४ मायक्रॉनचा फरक पडतो. बेअरिंगची बैठक कापताना एवढा फरक खूप झाला. हाताची ऊबही धरा. १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा मुठीत राहून पाच अंश तापला तर जवळजवळ सहा मायक्रॉन वाढतो. म्हणून चिमट्याने किंवा सुती हातमोज्याने उचलायचा, आणि जॉब टूलखालून निघाल्या निघाल्या मोजायचा नाही. चहा पिऊन या, मग मोजा.

चौथी गोष्ट निगेची. तुकडे रात्रभर एकमेकांना चिकटलेले ठेवू नयेत. फार वेळ राहिले तर ते सुटता सुटत नाहीत आणि ओढाताणीत पृष्ठभाग खरवडला जातो. सोडवताना ताणून नाही, सरकवूनच सोडवायचे. फिरत्या जॉबला गेज लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. एखादा तुकडा चिकटायला कुरकुर करत असेल तर त्याला पॉलिश पेपर लावू नका. कडेला बारीकसा बुर आला असेल, तो गेजसाठीच मिळणाऱ्या बारीक दाण्याच्या दगडावर हलक्या हाताने काढायचा. एवढं करूनही तो चिकटला नाही, तर त्याला पॅरलल म्हणून कामाला लावा आणि पेटीतली त्याची खाच रिकामी ठेवा. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बोटाचा ठसा दोन दिवसांत गंज होऊन उठतो. ठसा उठला की तिथला सपाटपणा गेला, आणि घासून तो परत आणता येत नाही.

म्हणून पेटी बंद करण्याआधी प्रत्येक तुकडा पुसा, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा आणि आपापल्या खाचेत ठेवा. लेथ उद्याही पुसता येईल. ही पेटी मात्र आजच पुसून ठेवा.