इलोइलो

फिलिपीन्समधील पनाय बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील बंदर, इलोइलो प्रांताची राजधानी व पश्चिम व्हिसायस विभागाचे केंद्र. लोकसंख्या ४,५७,६२६ (२०२०). मनिलाच्या दक्षिण-आग्नेयेस सु. ४६५ किमी. अंतरावर वसलेल्या या शहरातील लोकभाषा हिलिगायनॉन. समुद्र व खाडी यांच्या बेचक्यात नाकासारखी पुढे आलेली जमीन म्हणून ‘इरोंग-इरोंग’, आणि त्याचेच पुढे इलोइलो झाले, असे मानतात. ज्या इलोइलो नदीकाठी शहर वाढले ती खऱ्या अर्थाने नदी नव्हेच. ती भरती-ओहोटीचे पाणी खेळवणारी समुद्राची खाडी आहे. समोर गिमारास बेट आडवे असल्याने मधली सामुद्रधुनी वाऱ्यापासून सुरक्षित राहते. शहराची जमीन मात्र सपाट, गाळाची व सखल आहे. जून २००८ मधील फेंगशेन वादळात हारो नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता.

बंदर नैसर्गिक, म्हणून शहर संपन्न, असा सोपा हिशेब इलोइलोबद्दल नेहमी मांडला जातो. तो अपुरा आहे. खाडी आणि गिमारासचा आडोसा स्पॅनिश येण्यापूर्वीही होता, तरी स्पॅनिशांनी १५८१ मध्ये ठाणे वसवले ते किनाऱ्यावर थोडे पश्चिमेला, आरेवालो येथे. सतराव्या शतकात डच आणि दक्षिणेकडील मोरो मुस्लिम यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने सत्ताकेंद्र खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या आश्रयाला सरकले. म्हणजे ही जागा निवडली गेली ती आधी बचावासाठी; व्यापार नंतरचा. पहिली संपत्तीही बंदराने दिली नाही, मागाने दिली. अननसाच्या पानांच्या तंतूंचे तलम ‘पिन्या’ आणि रेशीममिश्रित ‘हुसी’ हे कापड हारो, मोलो व आसपासच्या गावांत विणले जाई आणि मनिलाला जाई. मोलो ही मुळात चिनी व्यापाऱ्यांची वस्ती. तिथल्या चिनी-मिश्र घराण्यांकडे भांडवल साठले ते या कापडातून.

सप्टेंबर १८५५ मध्ये स्पेनने इलोइलो परदेशी व्यापाराला खुले केले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश उपवाणिज्यदूत निकोलस लोनी येथे आला. त्याने मँचेस्टरचे स्वस्त कापड आणले. पुढे मागांचे काय झाले, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. परतीच्या जहाजांना माल हवा म्हणून त्याने साखरेला उत्तेजन दिले. लोखंडी चरक उधारीवर दिले, ऊस लावणाऱ्यांना आगाऊ रकमा पुरवल्या. त्यामुळे इलोइलोच्या साखरयुगाचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. धक्क्यालाही ते आहे. पण नेग्रोस बेटावरील जंगल तोडून मळे उभारले ते मोलो-हारोच्या घराण्यांनी, आणि त्यांचे भांडवल लोनीच्या आधीचे होते. १८६९ मध्ये लोनी मरण पावला, तरी साखर वाढतच गेली. एका माणसाच्या कर्तबगारीवर उभा राहिलेला व्यापार इतक्या सहज निभावला नसता.

इलोइलोचे खरे बळ होते गिमारासपलीकडच्या नेग्रोस बेटाच्या अडचणीत. नेग्रोसचा पश्चिम किनारा उथळ आणि उघडा. मोठी जहाजे तिथे सहज लागत नसत. म्हणून गुळसर कच्ची साखर शिडाच्या ‘लोर्चा’ बोटींतून सामुद्रधुनी ओलांडून इलोइलोला येई. इथल्या गोदामांत ती साठवली जाई, प्रतवारी होऊन पुन्हा भरली जाई आणि मग परदेशी जहाजांवर चढे. हमाल, गोदाममालक, सावकार, दलाल असे सगळे शहर त्या उलाढालीवर जगत होते. १८८९ च्या राजाज्ञेने मिळालेला शहराचा दर्जा, ऑगस्ट १८९८ मध्ये मनिला पडल्यावर उरलेल्या स्पॅनिश सत्तेची काही महिन्यांपुरती राजधानी होण्याचा मान आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकन सैन्य उतरताना लागलेली आग, यांपैकी कशानेही हा क्रम कायमचा तुटला नाही.

तो तुटला यंत्रामुळे. १९०९ च्या जकात कायद्याने अमेरिकी बाजार खुला झाल्यावर नेग्रोसवर मोठे साखर कारखाने उभे राहिले. त्यांचे स्वतःचे लोहमार्ग होते, धक्के होते, आणि त्यांच्या दाणेदार साखरेला इलोइलोच्या गोदामातील मधला मुक्काम नको होता. पुलुपांदानसारख्या ठिकाणाहून माल पडावांतून थेट जहाजावर जाऊ लागला. १९३० च्या दशकातील हमालांच्या संपांनी बंदर बुडवले, असा आक्षेप घेतला जातो. जपानी ताबा (१९४२–४५) आणि युद्धातील पडझड हे दुसरे कारण सांगितले जाते. दोन्हींत तथ्य आहे. संपांमुळे मळेवाल्यांना इलोइलो टाळण्याचे निमित्त मिळाले; पण पर्यायी वाट तयार नसती तर त्यांना संपकऱ्यांशी तडजोडच करावी लागली असती. युद्धाबद्दल बोलायचे तर शेजारचे सेबू बंदरही उद्ध्वस्त झाले होते आणि ते सावरले. ‘दक्षिणेची राणी’ हे इलोइलोचे बिरुदही अखेर त्याच्याकडेच गेले. साखरेचे धनको मनिलाला गेले ते परतले नाहीत. खाडी आणि गिमारासचा आडोसा मात्र होते तिथेच होते.

१९३७ मध्ये सनदी शहर झालेल्या इलोइलोत मोलो, ला पाझ, आरेवालो व मांदुर्याव ही जुनी गावे सामावली गेली. हारो थोडे उशिरा आले. आज शहर शिक्षण, वैद्यकीय सेवा व कार्यालयीन उद्योगांवर चालते. २००७ मध्ये विमानतळ शहराबाहेर हलल्यावर मांदुर्यावमधील मोकळ्या जागेवर इमारती उठल्या. खाडीकाठी २०१२ पासून फिरण्याचा रस्ता आहे. मोठी मालवाहू जहाजे आता खाडीबाहेरच्या नव्या बंदरात लागतात. नदीमुखाजवळून गिमारास व नेग्रोसकडे बोटी सुटतात, त्या प्रवाशांच्या.