लोहाराला सूट, बापाला नाही

फौजदारी वकिली शिकायला येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मी भारतीय दंड संहितेचं कलम ९४ स्पष्टीकरणांसह मोठ्याने वाचायला लावत आलो आहे. त्यात दरोड्यांच्या धास्तीने जगणारं एकोणिसावं शतक दिसतं. दरोडेखोर लोहाराला धरतात, तिथल्या तिथे ठार मारण्याची धमकी देतात आणि हत्यारं घेऊन घराचं दार फोडायला लावतात. त्या लोहाराला गुन्हा लागत नाही. दुसरा माणूस मारहाणीला भिऊन, टोळीचा धंदा ठाऊक असताना तिच्यात सामील होतो. पुढे साथीदारांनी त्याच्याकडून बळजबरीने काहीही करून घेतलं, तरी त्याला सूट नाही.

मेकॉलेच्या कमिशनच्या १८३७च्या मसुद्यात ही सूट नव्हती. मरणाच्या भीतीने केलेल्या काही कृत्यांना शिक्षा देणं हा निरर्थक क्रूरपणा ठरेल, हे मसुद्याच्या टिपणात मान्य केलं होतं. पण अशा प्रसंगांची नेमकी व्याख्या अशक्य मानून ते सरकारच्या दयेवर सोडले होते. मला हे कधीच पटलं नाही. दया मागायला आधी दोषी ठरावं लागतं. सूट हक्काची असेल, तर खालच्या कोर्टाने ती नाकारल्यावर अपिलात भांडता येतं. ६ ऑक्टोबर १८६० रोजी मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या संहितेने तो हक्क दिला.

पण दिला तो हात आखडून. खून आणि देहान्ताची शिक्षा असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे वगळले. भीती मरणाचीच हवी, तीही तत्क्षणी येणाऱ्या आणि स्वतःच्या मरणाची. मुलीच्या गळ्यावर सुरा धरून बापाकडून मालकाची तिजोरी उघडून घेतली, तर कलमाच्या शब्दांत त्या बापाला जागा नाही. शिवाय सूट सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच.

इंग्लंडमध्ये हा बचाव निवाड्यांतून वाढला. मँचेस्टरमध्ये दोन तरुण मुलींनी साक्षीत आरोपीला ओळखलं नाही, म्हणून त्यांच्यावरच खोट्या साक्षीचा खटला झाला. खरं बोललात तर कापून काढू, अशी धमकी त्यांना मिळाली होती आणि धमकावणाऱ्यांपैकी एक जण साक्षीच्या वेळी प्रेक्षकांत बसला होता. भर कोर्टात धमकी अमलात येणं शक्य नव्हतं, म्हणून न्यायाधीशांनी बचाव ज्युरीपुढे जाऊच दिला नाही. १९७१ साली अपील कोर्टाने दोघींची दोषसिद्धी रद्द केली: त्याच रात्री रस्त्यात गाठून धमकी खरी करता आली असती. खुनाला तिथेही सूट नाही; पण गंभीर इजेची आणि कुटुंबीयांना दिलेली धमकी तिथे विचारात घेतात.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम ९४चं कलम ३२ झालं. लोहार तोच राहिला आणि तो बापही बाहेरच राहिला.

तरुण वकिलांनो, अशिलाची भीती खटल्यातच नोंदवून घ्या: धमकी कोणी दिली, किती अंतरावरून, सुटायला वाट होती का. अपिलात मुख्यतः तेच रेकॉर्ड वाचलं जातं. आणि संसदेने या कलमात आरोपीच्या जिवाबरोबर त्याच्या मुलाबाळांचा जीवही धरावा. ही दुरुस्ती आता व्हायलाच हवी.