'सत्यकथेवर आधारित'

अ‍ॅलन ट्युरिंगवरचा 'द इमिटेशन गेम' हा चित्रपट २०१४ साली आला, तेव्हा आम्हा संगणकवाल्यांना आनंद होणे साहजिक होते. अभ्यासक्रमात 'ट्युरिंग मशीन'पुरता भेटणारा हा माणूस एकदम घरोघरी पोचला. पटकथेला ऑस्करही मिळाले. त्यानंतर ट्युरिंगबद्दल कुणी उत्साहाने बोलू लागले की बहुतेक वेळा ते चित्रपटातले असते, इतिहासातले नसते. तसे सुचवले तर उत्तर ठरलेले : "अहो, तो सिनेमा आहे, माहितीपट नव्हे!"

मान्य. काही गोष्टी मीही सोडून देतो. जर्मनांची एनिग्मा संकेतलिपी उकलायला मदत करणाऱ्या यंत्राला चित्रपटात 'क्रिस्टोफर' म्हटले आहे, ते ट्युरिंगच्या शाळेतल्या दिवंगत मित्राचे नाव. खरे तर अशा यंत्रांना 'बॉम्ब' म्हणत आणि १९४० साली बसवलेल्या पहिल्या यंत्राचे नाव होते 'व्हिक्टरी'. यात कुणाचे काही बिघडत नाही.

पण यंत्र चालते कसे, हेच उलटे दाखवले तर? चित्रपटात ते बराच काळ नुसते खडखडत राहते आणि एके संध्याकाळी पबमधल्या गप्पांतून ट्युरिंगला सुचते की, संदेशात ठरावीक शब्द असणारच, ते धरून शोध घ्यावा. वास्तविक संदेशातला काही मजकूर अंदाजाने धरायचा आणि त्याच्याशी विसंगत ठरणाऱ्या जोडण्या बाद करत जायचे, याच तत्त्वावर त्या यंत्राची रचना मुळापासून बेतलेली होती. गॉर्डन वेल्चमनने सुचवलेल्या जोडणीमुळे चुकीच्या शक्यता फारच झपाट्याने बाद होऊ लागल्या. हा वेल्चमन चित्रपटात नाहीच! १९३२ मध्येच एनिग्मा फोडणारा मारियन रेयेव्हस्की आणि १९३९ च्या जुलैत आपली सगळी विद्या ब्रिटिशांच्या हाती देणारे त्याचे पोलिश सहकारीही नाहीत. ब्लेचली पार्कमध्ये युद्धाच्या अखेरीस नऊ-दहा हजार माणसे राबत होती, त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया. पडद्यावर मात्र पाच-सहा जण एका खोलीत बसून युद्ध जिंकतात.

सत्य नीरस असते म्हणून असे करावे लागते, असेही नाही. चित्रपटात ट्युरिंग एकटाच चर्चिलला पत्र पाठवतो आणि स्वतः प्रमुख होतो. खरे पत्र २१ ऑक्टोबर १९४१ चे. त्यावर ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिलनर-बॅरी अशा चौघांच्या सह्या होत्या. माणसे अपुरी पडताहेत, एवढीच तक्रार. मिलनर-बॅरी वरिष्ठांना डावलून ते स्वतः डाउनिंग स्ट्रीटवर घेऊन गेला. चर्चिलने त्यावर आजच्या आज कार्यवाही करण्याचा शेरा मारला. याहून नाट्यमय काय हवे?

कमांडर डेनिस्टनला तर सरळ खलनायक केले आहे. युद्धापूर्वीच विद्यापीठांतून विद्वान हेरून ठेवणारा, पोलिश गणितज्ञांना भेटायला जातीने गेलेला हा माणूस! त्याच्या कुटुंबीयांनी नाराजी व्यक्त केली, ती योग्यच होती.

मला सर्वांत खटकते ते जॉन केर्नक्रॉसचे प्रकरण. हा सोव्हिएत हेर ब्लेचलीत खरोखरच होता, पण वेगळ्या विभागात. त्याने ट्युरिंगबरोबर काम केल्याचा कसलाही पुरावा नाही. चित्रपटात दोघे एकाच चमूत आहेत. ट्युरिंगला त्याचे बिंग कळते, पण तो समलैंगिकता उघड करण्याची धमकी देतो आणि ट्युरिंग काही काळ गप्प बसतो. म्हणजे हेराला पाठीशी घालतो.

समलैंगिक माणसाला धमकावून त्याच्याकडून गुपिते काढता येतील, हाच त्या काळी सरकारी संशय होता. १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल शिक्षा झाल्यावर ट्युरिंगला गुप्त कामाची दारे बंद झाली. १९५४ मध्ये तो गेला, तेव्हा जेमतेम ४१ वर्षांचा होता. त्याने हेराला कधीच पाठीशी घातले नव्हते. ते काम साठ वर्षांनी त्याच्यावर प्रेम करणाऱ्या चित्रपटाने त्याच्या नावावर लिहिले. शेवटच्या पाटीवर २०१३ साली राणीने त्याला दिलेल्या माफीचा उल्लेख आहे.