आजोबांची मॅशी

इंग्रजीत गोल्फ खेळायच्या काठीलाही क्लब म्हणतात आणि खेळणाऱ्यांच्या संस्थेलाही. आम्हा नाशिककरांसाठी मात्र गोल्फ क्लब म्हणजे एक मैदान. कागदोपत्री त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे तेच कान्हेरे. पण रिक्षावाल्याला आजही ‘गोल्फ क्लब’ एवढेच सांगावे लागते. ईदच्या नमाजासाठी शाहजहानी ईदगाहवर जाताना लहानपणापासून हे नाव ऐकत आलो. या मैदानावर क्रिकेट पाहिले, सभा ऐकल्या. गोल्फ मात्र कधीच पाहिला नाही.

तरीही आमच्या घरात गोल्फची एक काठी होती. जुन्या नाशकातले आमचे घर दुरुस्तीसाठी रिकामे करताना ती माळ्यावरून खाली आली. लाकडी दांडा, मुठीला काळी पडलेली चामड्याची पट्टी, टोकाला लोखंडी पाते. भंगारवाल्याने ती हातात तोलली आणि म्हणाला, “लोखंड पाव किलोसुद्धा भरणार नाही. वीस रुपये देतो.” मुलगा म्हणाला, “देऊन टाका.” मी काठी परत घेतली, कारण तिच्याबरोबर एक गोष्ट जोडलेली होती.

ती गोष्ट अब्बा सांगत. १९११ साली पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आला, दिल्लीत दरबार भरला. त्या दरबाराहून परतलेल्या एका साहेबाने आमच्या पणजोबांच्या इमानदारीवर खूश होऊन ही काठी त्यांना बक्षीस दिली. मी स्वतः ही गोष्ट दोन-तीन लग्नांत पाहुण्यांना ऐकवली आहे. ऐकणारे मान डोलवत. आमच्यापैकी पुष्कळ घरांत अशी एखादी चीज असते. कुणाकडे नवाबाची तलवार, कुणाकडे बादशहाची सनद. वस्तू खरी असते, गोष्ट तपासलेली नसते.

घरात जागा कमी, सामान जास्त. ठेवायची तर कारण हवे, म्हणून या वेळी मी तपासायचे ठरवले. सुरुवातीलाच चूक करणार होतो. पाते गंजले होते, ते पॉलिश पेपरने घासायला घेतले होते. तेवढ्यात पात्याच्या मागच्या बाजूला अक्षरे दिसली आणि हात थांबला. जुन्या काठीचा सगळा इतिहास त्या ठशांत असतो. घासून चकचकीत केली की काठी सुंदर दिसते आणि मुकी होते. मऊ फडक्याने धूळ पुसली, भिंग आणले आणि वाचायला बसलो.

पहिला शब्द होता ‘मॅशी’. आज गोल्फच्या काठ्यांना आकडे असतात. पूर्वी त्यांना नावे होती. ब्रॅसी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक. मॅशी म्हणजे साधारण आजची पाच नंबरची लोखंडी काठी, मधल्या अंतराच्या फटक्यासाठी. दांडा हिकरीचा होता. हिकरी हे अमेरिकेतले झाड. त्याचे लाकूड चिवट, फटक्याला वाकते पण सहसा मोडत नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या कारागिरांनी ते आपलेसे केले आणि जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या गोल्फच्या काठ्यांना त्याचेच दांडे बसले. मग पोलादी नळीचे दांडे आले. अमेरिकेतल्या नियमकर्त्यांनी त्यांना १९२४ मध्ये मान्यता दिली, ब्रिटनमधल्यांनी १९२९ मध्ये. पुढच्या काही वर्षांतच हिकरी मागे पडली. म्हणजे माझी काठी १९११ ची असायला इथपर्यंत काही हरकत नव्हती. मी खूश झालो.

नंतर पात्याचा पुढचा भाग पाहिला. त्यावर ओळीने टिंबे कोरलेली होती. जुनी पाती सपाट असत. आधी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू करत. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गट्टापर्चापासून, चेंडू होऊ लागले. १८९८ मध्ये रबराचे धागे गुंडाळलेला चेंडू अमेरिकेत निघाला. हा नवा चेंडू पकडीत राहावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पात्यावर टिंबे आणि रेषा कोरण्याची पद्धत रुळली. पूर्ण सपाट पाते असते तर काठी फार जुनी आणि संग्राहकांना हवीशी ठरली असती. तशी ती नव्हती. पण १९११ अजूनही शाबूत होते.

शेवटचा शब्द गंजाखाली दबला होता. तासाभराने तो लागला. ‘स्टेनलेस’.

इथे गोष्ट संपली. हॅरी ब्रीअर्ली याने शेफिल्डमध्ये न गंजणारे पोलाद तयार केले ते १९१३ साली. आधी त्याच्या सुऱ्या-चमचे झाले, गोल्फच्या पात्यांपर्यंत ते पहिल्या महायुद्धानंतर पोहोचले. (नाव स्टेनलेस असले तरी त्या काळच्या पोलादावर आमच्या माळ्याने डाग पाडलेच.) म्हणजे स्टेनलेस पाते आणि हिकरीचा दांडा एकत्र असलेली काठी १९२० नंतरची आणि १९३५ च्या आसपासपर्यंतची. दरबाराहून आलेल्या साहेबाच्या हातात ती असणे शक्यच नव्हते.

खरे सांगतो, वाईट वाटले. बाजारभावाचा आधारही नव्हता. हिकरीच्या काठ्या त्या काळात लाखोंनी बनल्या. नामांकित कारागिराचा ठसा, विचित्र घडण किंवा फार जुने वय असेल तरच त्यांना किंमत येते. साधी मॅशी सहसा शोभेची वस्तू म्हणून जाते. खेळायला वापरावी तर दांडा कोरडा पडलेला आणि पाते सैल झालेले. पहिल्याच फटक्याला ते चेंडूच्या पुढे गेले असते. पैशाच्या हिशेबाने भंगारवाला फारसा चुकला नव्हता.

मग मी फुफीकडे गेलो. पंच्याऐंशीच्या घरातल्या, पण आठवण पक्की. काठी पाहताच त्या हसल्या. “ही बक्षीस नाही रे. अब्बाजानने ही विकत आणली. गोरे लोक देवळालीतून जात होते ना, तेव्हा त्यांचं सामान बाजारात आलं होतं. कपाटं, खुर्च्या, कपबशा. आम्हाला वाटलं हे काहीतरी घरात लागणारं आणतील. हे काठी घेऊन आले. अम्मा दोन दिवस बोलली नाही.”

“पण का घेतली?”

“लहानपणी साहेबांच्या पिशव्या वाहायचे ते. आण्यांवर. पिशवीत अशा काठ्या. म्हणायचे, दहा वर्षं खांद्यावर वाहिली, एकदाही मारून पाहिली नाही.”

आजोबा कॅडी होते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले. अब्बांना ते माहीत असणारच. हमालाच्या पोरापेक्षा साहेबाचा मर्जीतला बाप बरा, असे त्यांना कधीतरी वाटले असावे आणि मग बापाच्या ऐवजी आजा, विकतच्या ऐवजी बक्षीस, १९४७ च्या ऐवजी १९११ असे बदल होत गेले असावेत. मी त्यांना दोष देत नाही. मीही तीच गोष्ट मिरवली.

पण इतिहास वाचणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा. हिंदुस्थानात गोल्फ फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. जुन्या क्लबांच्या भिंतींवर कप्तानांच्या नावांचे फलक असतात, सोनेरी अक्षरांत. पिशव्या वाहणाऱ्यांचे फलक नसतात. ते बहुतेक आसपासच्या वस्त्यांतले गरीब, आणि शिकले ते बघून बघून. दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. क्लब सुरू होऊन बरीच दशके लोटल्यावर एका कॅडीचे नाव विजेत्यांच्या यादीत आले.

दक्षिण आफ्रिकेतले पापवा सेवगोलम भारतीय वंशाचे. तेही लहानपणी कॅडी. त्यांची पकड उलटी होती, डावा हात उजव्याच्या खाली. कुणी शिकवले नव्हते, म्हणून कुणी सुधारलेही नव्हते. त्याच पकडीने त्यांनी १९५९ ची डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये डर्बनला नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना क्लबच्या इमारतीत जाता येईना. पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. त्याचे छायाचित्र जगभर छापून आले.

आमचे आजोबा अली शेर नव्हते आणि पापवाही नव्हते. फुफी सांगतात, त्यांनी त्या काठीने नदीकाठी गोटे मारले, दोन साप मारले आणि पेरू पाडले. पण ज्या वस्तूला फक्त उचलून द्यायचा हक्क होता, ती त्यांनी स्वतःच्या पैशाने घरी आणली. साहेबाच्या बक्षिसात साहेब मोठा असतो. या खरेदीत आमचे आजोबा आहेत. मग बक्षिसाची गोष्ट मोठी का वाटावी? आपल्या घराण्यांना वरून मिळालेल्या मानाची एवढी भूक का असते, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो आहे.

काठी ठेवायचे ठरवले. दांड्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, चामड्याची पट्टी तशीच राहू दिली, पाते घासले नाही. उन्हापासून दूर, आडवी ठेवली आहे. सोबत एक चिठ्ठी बांधली, कारण चिठ्ठी नसेल तर माझा नातू पुन्हा दरबार भरवेल. चिठ्ठीवर लिहिले: मॅशी, १९२० ते १९३५ मधली घडण. आजोबांनी १९४७ च्या सुमारास नाशकात जुन्या सामानातून तीन रुपयांना विकत घेतली. ते कॅडी होते.

फुफींना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, “तीन नाही, अडीच. अम्मा पुढं कितीतरी वर्षं तो हिशेब काढत होती.”

मी आकडा दुरुस्त केला.