मोटारगाडीतील नियंत्रकांचा संपर्कभंग व त्याचे निदान

मोटारगाडीतील एंजिन, ब्रेक, गिअरपेटी, सुकाणू, सुरक्षा-हवापिशव्या इत्यादींचे कार्य ज्या छोट्या संगणकांच्या ताब्यात असते, त्यांना इलेक्ट्रॉनीय नियंत्रक म्हणतात. हे नियंत्रक सामाईक तारांवरून एकमेकांना सतत संदेश पाठवीत असतात. एखाद्या नियंत्रकाचे अपेक्षित संदेश ठराविक मुदतीत आले नाहीत, तर त्या अवस्थेस संपर्कभंग म्हणतात व तिची नोंद सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने इतर नियंत्रकांच्या स्मृतीत होते. ही नोंद गप्प झालेल्या नियंत्रकाने केलेली नसते. त्याची वाट पाहणाऱ्यांनी केलेली असते. निदानातील बहुतेक चुका हा भेद विसरल्याने होतात.

इतिहास : १९६७ साली फोक्सवागेन कंपनीच्या टाइप ३ गाडीत बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण पद्धती आली. तिच्या नियंत्रकाला स्मृती नव्हती व बोलण्यास जोडीदारही नव्हता. दोष शोधणारा एकेका तारेवरील विद्युत् दाब मोजत जाई. अमेरिकेत १९७० च्या शुद्ध हवा कायद्याने धुरातील दूषितांवर कडक मर्यादा घातल्या. त्या पाळण्यासाठी १९७५ पासूनच्या गाड्यांत उत्प्रेरकी परिवर्तक आले; पुढे हवा व इंधन यांचे प्रमाण फार काटेकोर राखण्याची गरज निर्माण झाली आणि ते काम सूक्ष्मप्रक्रियकाकडे गेले. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या अमेरिकी गाड्यांतील नियंत्रक आपले दोष स्वतः लक्षात ठेवीत. जोडणीतील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की चालकापुढील दिवा लुकलुके व कारागीर त्या उघडझापी मोजून क्रमांक ओळखी. एक उघडझाप, विराम व पुन्हा दोन म्हणजे १२. एंजिन बंद असता हा क्रमांक दिसणे हे पद्धती शाबूत असल्याचे लक्षण मानले जाई. यंत्राने स्वतःची तक्रार सांगण्याची ही सुरुवात होय. मात्र येथे बोलणारा एकच होता, म्हणून ‘कोण गप्प झाले’ हा प्रश्नच नव्हता.

नियंत्रक वाढले तसा तो उद्‌भवला. चाकाचा वेग ब्रेक-नियंत्रकाला हवा, तसाच तो एंजिनाला, गिअरपेटीला व वेगदर्शकालाही हवा. प्रत्येक माहितीसाठी प्रत्येक जोडीत स्वतंत्र तार ओढल्याने तारांचे जुडगे जाड, वजनदार व बिघाडास सोपे होऊ लागले. यावर बॉश कंपनीत १९८३ मध्ये काम सुरू झाले व ऊवे कीन्के यांच्या गटाने फेब्रुवारी १९८६ मध्ये डिट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ (संक्षेपाने ‘कॅन’) ही पद्धती मांडली. इंटेल कंपनीची त्यासाठीची पहिली चकती १९८७ मध्ये निघाली. १९९१-९२ च्या सुमारास मर्सिडीज-बेंझच्या उंची गाड्यांत ही पद्धती वापरात आली आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या पद्धतीत पिळलेल्या दोन तारांवर सर्व नियंत्रक लटकलेले असतात. संदेशावर पाठविणाऱ्याचा वा घेणाऱ्याचा पत्ता नसतो, आशयाचा क्रमांक असतो. ज्याला हवा त्याने तो घ्यावा. दोघे एकाच वेळी बोलू लागल्यास लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो व दुसरा थांबतो. आणखी एक योजना निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या चुका मोजतो : पाठविण्यात चूक झाली की गणना ८ ने वाढते, संदेश नीट गेला की १ ने घटते. ती २५५ च्या वर गेली की तो स्वतःला तारांपासून अलग करतो. म्हणजे मौन हे दर वेळी मृत्यूचे लक्षण नसते. कधीकधी ती शिस्त असते.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व मोटारींना एकसारखी सोळा टोकांची निदान-जोडणी व एकसारखे दोष-क्रमांक सक्तीचे झाले. त्यांतील ‘यू’ अक्षराचे क्रमांक संदेशवहनासाठी राखलेले आहेत. तारांवरील भाषा मात्र निर्मात्यागणिक निराळी राहिली. २००८ पासून तेथे ‘कॅन’ ही एकच सक्तीची झाली.

निदान : ‘यू०१००’ या क्रमांकाचा अर्थ एंजिन-नियंत्रकाशी संपर्क तुटला एवढाच. एंजिन सुरळीत चालत असेल तर तो नियंत्रक जिवंत आहे, हे उघड आहे. तरीही केवळ क्रमांक पाहून महागडा नियंत्रक बदलला जातो, नव्याला त्या गाडीशी जुळवून घेण्याचा खर्च होतो व दोष जागच्या जागी राहतो. खरा पुरावा तक्रारींच्या रचनेत असतो. सर्वजण एकाविषयी तक्रार करीत असतील तर त्या एकाचा विद्युत् पुरवठा, फ्यूज, जमीन-जोड व त्याच्याकडे जाणारी शाखा तपासावी. एकच जण सर्वांविषयी तक्रार करीत असेल तर बहुधा तोच तुटलेला असतो. कोणीच बोलत नसेल तर मुख्य तारा एकमेकींना वा गाडीच्या सांगाड्याला चिकटल्या आहेत, किंवा एखादा बिघडलेला नियंत्रक त्या अडवून बसला आहे. मग एकेक नियंत्रक सोडवीत जाण्याखेरीज गत्यंतर नसते. घटमाला दुर्बल असल्यास एंजिन सुरू करताना दाब घसरतो, नियंत्रक क्षणभर निद्रिस्त होतात व एकमेकांविरुद्ध नोंदी करून ठेवतात. म्हणून जुन्या नोंदी पुसून कोणत्या परत येतात ते पाहणे इष्ट असते.

मुख्य तारांच्या दोन्ही टोकांस सामान्यतः १२० ओहम रोधाचे रोधक असतात. घटमाला सोडवून निदान-जोडणीच्या ६ व १४ क्रमांकांच्या टोकांमध्ये मोजल्यास बऱ्याच गाड्यांत ६० ओहमच्या आसपास रोध मिळतो. १२० मिळाल्यास एक रोधक वा मुख्य तार तुटलेली असते. शून्याजवळ मिळाल्यास तारा चिकटलेल्या असतात. परंतु ६० मिळाले म्हणजे सर्व ठीक असे नव्हे. एखाद्या नियंत्रकाकडे जाणारी शाखा तुटली तरी हे माप बदलत नाही. शिवाय अनेक नव्या गाड्यांत निदान-जोडणी व मुख्य तारा यांमध्ये द्वारपाल-नियंत्रक असतो व मापन त्याच्यापुरतेच ठरते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा अगदी साधा सापडतो : पाणी शिरून हिरवट झालेला जोड, उंदरांनी कुरतडलेली तार किंवा रंगाखाली दबलेला जमीन-जोड.

भारतात गाडीतच अंतर्भूत असलेली निदान-व्यवस्था भारत स्टेज ४ मानकांबरोबर एप्रिल २०१० पासून काही शहरांत आली, तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला व एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ देशभर अंमलात आले. त्यामुळे गावोगावच्या गॅरेजांतही दोष-क्रमांक वाचणारी उपकरणे पोहोचली. त्यांमागील तर्क तितक्या वेगाने पोहोचला नाही. जुन्या कारागिराचे आवडते साधन म्हणजे सुईचा टेस्ट लॅम्प. फ्यूज व पुरवठा भारासह तपासण्यास तो अजूनही उत्तम होय. संदेशवाहक तारांवर मात्र तो लावू नये. त्याचा दिवा प्रवाह ओढतो व चालू असलेले संभाषणच बंद पाडतो. तेथे उच्च अंतर्गत रोधाचा मापक किंवा संदेशांचा आकार दाखविणारा दोलनदर्शक वापरावा लागतो.