मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील घर

मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्यावर परदेशी मनुष्य नवें दुमजली घर विकत घेतो, तेव्हां मालकी त्याच्या नांवें होत नाहीं. ती विश्वस्त या नात्यानें बँकेकडे राहते. असें कां? टेक्ससमध्यें अमेरिकन वसाहतकारांस जमिनी दिल्या आणि १८३६ सालीं तो प्रांतच हातचा गेला. पुढें युद्ध झालें व १८४८ च्या तहाअखेर सुमारें अर्धा मुलूख गमवावा लागला. म्हणून १९१७ च्या राज्यघटनेनें किनाऱ्यापासून ५० व सरहद्दीपासून १०० किलोमीटरपर्यंत परकीयांस जमिनीची प्रत्यक्ष मालकी नाकारली. १९७३ च्या कायद्यानें ३० वर्षांच्या विश्वस्त-कराराची वाट दिली. १९९३ सालीं ती मुदत ५० वर्षें झाली, व ती पुढें वाढवितां येते. घेणाऱ्यास घरांत राहतां येतें, तें भाड्यानें देतां येतें, विकतां येतें, वारसांस ठेवतां येतें. तरीहि त्याला ही अट जाचक वाटेल. पण जमिनीपाठोपाठ प्रांत गेलेल्या देशानें ती घातली आहे, हें विसरूं नये.