वेगळा विदर्भ म्हणजे ‘विदर्भाचं ब्रेक्झिट’? राज्य तुटलं तर व्यापाराचं नेमकं काय होतं

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की सोशल मीडियावर वेगळ्या विदर्भाचा वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एक बाजू म्हणते, कोळसा आमचा, वीज आमची, जंगल आमचं, मग आम्हीच मागे का? दुसरी बाजू म्हणते, मुंबईच्या पैशाशिवाय तुमचे पगारसुद्धा निघायचे नाहीत. मग अधूनमधून कुणीतरी ‘ब्रेक्झिट’ हा शब्द टाकतं. कुणी सुटकेच्या अर्थाने, कुणी इशारा म्हणून.

ही तुलना कितपत खरी आहे? व्यापारापुरतं बोलायचं तर अर्धीच. पण तो अर्धा भाग वादात फारसा कुणी काढत नाही.

आधी ब्रिटनचं काय झालं ते पाहू

२३ जून २०१६ ला सार्वमत झालं आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. त्या वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. १ जानेवारी २०२१ पासून नवा करार लागू झाला. त्यात दोन्हीकडे तयार होणाऱ्या मालावर आयात शुल्क नाही, कोटा नाही. कागदावर सगळं खुलं.

तरी व्यापार अडला, कारण अडचण शुल्काची नव्हतीच. प्रत्येक खेपेला जकातीचे अर्ज, माल कुठे बनला याचा पुरावा, मांस आणि दुधाच्या पदार्थांना आरोग्य प्रमाणपत्र. मोठ्या कंपन्यांनी या कामासाठी माणसं नेमली. अनेक लहान विक्रेत्यांनी युरोपात माल पाठवणंच बंद केलं. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या अधिकृत संस्थेचा अंदाज असा, की संघात राहिला असता त्या मानाने ब्रिटनची आयात-निर्यात दीर्घकाळात सुमारे १५ टक्क्यांनी आणि उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील.

हे लक्षात ठेवा: शुल्क शून्य असूनही फटका बसला आणि तो लहान माणसाला जास्त बसला.

विदर्भ याआधी एकदा बाहेर पडलेला आहे

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, हेही याच काळातलं.

राजधानी गेली, सचिवालय गेलं, त्यासोबत नोकरदारांची गिऱ्हाइकीही गेली. पण बाजारपेठ गेली नाही. नागपूरला मुंबईशी जोडणारी रेल्वे १८६७ मध्येच आली होती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस आणि रेल्वे दोन्ही दाराशी होते म्हणून. शिवनी, छिंदवाडा, बालाघाट, बैतूल इथले दुकानदार १९५६ नंतरही माल भरायला इतवारी आणि गांधीबागेतच येत राहिले, आजही येतात. फरक एवढाच पडला, की कालपर्यंत राज्यातली असलेली विक्री परराज्यातली झाली आणि १९५७ पासून तिच्यावर केंद्रीय विक्रीकराचे नियम लागू झाले.

कापसाला बसलेलं कुंपण

भारतात राज्याची सीमा व्यापाराला अडवत नाही, असं आपण गृहीत धरतो. राज्यघटनेचं कलम ३०१ तसंच सांगतं: देशभर व्यापार मुक्त राहील. पण विदर्भातल्या जुन्या कापूस उत्पादकाला विचारा, तो वेगळं सांगेल.

१९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. राज्यातल्या शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेला, म्हणजे पुढे पणन महासंघाला विकायचा. खासगी व्यापाऱ्याला नाही, परराज्यात तर नाहीच. हेतू चांगला होता. दलालांच्या हातून शेतकरी सुटावा, भाव पडला तरी त्याला हमी मिळावी.

पण कुंपण घातलं की त्याच्या दोन्ही बाजूंना भाव वेगळे होतात. बाहेर भाव चढला की यवतमाळ-चंद्रपूरकडचा कापूस रातोरात आदिलाबादला जायचा, नागपूर-अमरावतीकडचा पांढुर्ण्याला. आपल्याच शेतातला कापूस बैलगाडीत घालून वीस-पंचवीस किलोमीटरवर विकायला नेणारा शेतकरी कायद्याने तस्कर ठरायचा, नाक्यावर पोलीस उभे असायचे. बाहेर भाव पडला की उलटी गंगा. शेजारच्या राज्यांतला कापूस हमीभावासाठी महाराष्ट्रात शिरायचा आणि तोटा महासंघाच्या, म्हणजे शेवटी राज्याच्या गळ्यात पडायचा. चुकारे हप्त्याने मिळायचे, त्यातून भांडवल निधीची कपात व्हायची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बाजार खुला करण्याची मागणी लावून धरली ती याच अनुभवातून. २००० नंतर खासगी खरेदीला वाट मिळाली आणि एकाधिकार संपला.

माझ्या मते राज्य वेगळं झाल्यावर व्यापाराचं काय होईल, याचा सगळ्यात उपयोगी धडा लंडनमध्ये नाही, या कापसात आहे. सीमा कुठे आहे यापेक्षा त्या सीमेवर सरकार काय करतं हे जास्त महत्त्वाचं असतं.

आज सीमा पडली तर?

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे, विक्रीकराचे नाके उठले आहेत. उद्या वेगळं राज्य झालं आणि नागपूरच्या व्यापाऱ्याने पुण्याला माल पाठवला, तर बिलावर केंद्र आणि राज्याच्या जीएसटीऐवजी ‘एकात्मिक जीएसटी’ लागेल. दर तोच. शिवनीला किंवा रायपूरला माल पाठवताना तो आजही हेच करतो. ई-वे बिलात मात्र फरक पडेल. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला एक लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी ते लागत नाही. परराज्यात ५० हजारांच्या वर लागतं.

मोठ्या व्यापाऱ्याला हे जाणवणारही नाही. लहानाला जाणवेल. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेले अनेक दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात: थोडा ठरावीक कर भरा, हिशेबाची कटकट कमी. या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही. शिवाय मालाच्या व्यापारात ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीतून जी सूट आहे, तीही साधारणपणे परराज्यात विकणाऱ्याला मिळत नाही.

आता नकाशा काढा. देऊळगाव राजाला जवळची मोठी पेठ जालना. उमरखेडचा ओढा नांदेडकडे. मलकापूरचे व्यवहार भुसावळ-जळगावशी. म्हणजे सीमेची झळ नागपूरला नाही, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळच्या कडेच्या तालुक्यांना बसेल. वेगळ्या राज्याची मागणी नागपुरात जितकी जोरात ऐकू येते तितकी पश्चिम विदर्भात येत नाही, त्यामागे इतर कारणं आहेतच. हेही त्यातलं एक धरायला हरकत नाही.

देशाची सीमा म्हणजे काय असतं ते पाहायचं तर संत्र्याकडे बघा. नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेलं आणि २०२३ च्या हंगामात ते किलोमागे ८८ रुपयांच्या घरात गेलं. वरूड-मोर्शीच्या बागायतदारांचा माल देशातच अडकला, भाव कोसळले, राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं. तेच संत्रं वरूडहून सीमा ओलांडून पांढुर्ण्याला गेलं तर शुल्क शून्य. वेगळा विदर्भ झाला तरी त्याच्या सीमा या दुसऱ्या प्रकारच्याच असतील. ‘ब्रेक्झिट’ची तुलना इथे संपते.

बंदर नाही, हा आक्षेपही फार ताणू नये. न्हावाशेवा बंदर केंद्राच्या अखत्यारीत आहे. तेलंगण आणि छत्तीसगडलाही समुद्र नाही, त्यांचा माल बंदरात जातोच.

तिजोरीत काय येईल?

‘खनिजं आमची’ हा युक्तिवाद इथे तपासावा लागतो. कोळशाचं स्वामित्वधन १४ टक्के आहे, ते ज्या राज्यात खाण त्या राज्याला मिळतं. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज आहे. शिवाय २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांना खनिजांवर वेगळा कर लावण्याचा अधिकार असल्याचं स्पष्ट केलं. नव्या राज्याच्या बाजूने हा भक्कम मुद्दा आहे.

केंद्रीय करांचा वाटाही बरा मिळेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के भार दरडोई उत्पन्न किती कमी आहे यावर, १५ टक्के क्षेत्रफळावर आणि १० टक्के जंगलावर होता. विदर्भाचं उत्पन्न मुंबई-पुण्याच्या मानाने कमी, क्षेत्रफळ राज्याच्या सुमारे ३१ टक्के आणि राज्याचं निम्म्याहून जास्त जंगल इथे.

पण जीएसटी माल बनतो तिथे नाही, वापरला जातो तिथे मिळतो. बुटीबोरीत बनलेली वस्तू ठाण्यात खपली तर राज्याचा कर ठाण्याच्या राज्याला. २०११ च्या जनगणनेत विदर्भाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख, म्हणजे राज्याच्या एकपंचमांश होती, आणि त्यांची खरेदी करण्याची ताकद मुंबई-ठाणे-पुण्याच्या जवळपासही नाही. पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत, त्यांचा कर नव्या राज्याला ठरवता येईल. मात्र अकरापैकी वर्धा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारूबंदी आहे. नव्या अर्थमंत्र्याची नजर पहिल्या वर्षी तिकडे वळली तर नवल नाही.

विजेचा हिशेब वाटतो तितका सोपा नाही

कोराडी, खापरखेडा आणि २,९२० मेगावॉटचं चंद्रपूर. विदर्भ आपल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त वीज बनवतो. राख आणि धूर चंद्रपूरला, वीज इतरांना, ही तक्रार खोटी नाही. रायपूरकडे वीज स्वस्त म्हणून आमचे पोलादाचे कारखाने मागे पडतात, असं इथले उद्योजक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

राज्य झालं की वीज आपोआप आपली होईल का? २ जून २०१४ ला आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळा झाला तेव्हाचा अनुभव पाहा. प्रकल्प जिथे होते त्या राज्याला गेले, पण वीज जुन्या वापराच्या प्रमाणात वाटली गेली: तेलंगणला ५३.८९ टक्के, आंध्रला ४६.११. हैदराबादचा वापर मोठा होता म्हणून तेलंगणचा फायदा झाला. हेच सूत्र इथे लावलं तर उलटं होईल. वीज बनवतो विदर्भ आणि वापरतात पुणे, नाशिक, ठाणे. आंध्र आणि तेलंगणमध्ये विजेच्या थकबाकीचं भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

कर्जाचंही तसंच. तिथे वाटणीत मुख्य आधार लोकसंख्येचा होता, ५८.३२ आणि ४१.६८ टक्के. त्या हिशेबाने महाराष्ट्राच्या कर्जाचा साधारण पाचवा हिस्सा विदर्भाच्या अंगावर येईल. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याच्या ३,१८६.७८ कोटींच्या अनुशेषापैकी १,२४६.५५ कोटी विदर्भाचे मोजले होते. आमच्यावर खर्चच झाला नाही, मग कर्ज का फेडू, असं विदर्भवादी विचारतील आणि प्रश्न रास्त असेल. उत्तर मात्र संसदेत ठरेल. कलम ३ नुसार नवं राज्य संसदेच्या साध्या बहुमताने होतं, विधानसभेचं फक्त मत मागवलं जातं. ब्रिटनसारखं सार्वमत त्यात नाही.

शिवाय अशी प्रत्येक मालमत्ता टेबलावर येईल. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तो दहा जिल्ह्यांतून जातो, त्यातले नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा हे पाच विदर्भातले. रस्ता राज्याच्या महामंडळाचा, त्याचं कर्ज महामंडळाच्या डोक्यावर आणि टोलही त्याच्याच खात्यात. सिंदखेडराजाच्या पुढे सीमा पडली तर हा टोल कुणाचा आणि कर्ज कुणाचं, हे त्या विधेयकाच्या एखाद्या परिशिष्टात लिहावं लागेल.